बुवापाड्याच्या चुलीवर जगभरातली धान्ये



या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही धान्याचा विषय घेतला आहे. आपल्या बुवापाड्यात, तसेच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कोणत्याही वस्तीत सकाळी डबे भरताना पाहिले तर बहुतेक डब्यांत गव्हाची चपाती, पांढरा भात आणि घाई असेल तर पाव दिसतो. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, म्हणून तेच शिजते. त्यात कोणाचा दोष नाही. पण तीनही वेळा तेच दोन धान्य, त्यातही पॉलिश केलेला तांदूळ आणि मैद्याचा पाव, याचा परिणाम घराघरांत दिसू लागला आहे. आजी-आजोबांची साखर वाढलेली, लेकी-सुनांच्या अंगात रक्त कमी, पोरांची पोटे साफ नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांना तो होता. म्हणजे चाळीच्या एका रांगेत जितकी घरे, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत हा प्रश्न आहे.

याला एकच औषध नाही. पण ताटातले धान्य बदलणे हा उपायाचा एक भाग आहे, आणि तो आपल्या हातात आहे. म्हणून आज आपण ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळे, राजगिरा यांचा अभ्यास करू. सोबत जगातल्या काही अनोळखी धान्यांचीही ओळख करून घेऊ, म्हणजे आपल्या चुलीचे नाते कुठवर पोचते ते कळेल.

ही धान्ये आली कुठून?

ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या बाजूला आहे. बाजरीचे मूळ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, माली देशाच्या परिसरात. नाचणी इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागातली. ही तिन्ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि इथलीच झाली. राळे चीनमध्ये फार प्राचीन काळापासून पिकते. वरी आणि कोद्रा मात्र भारताच्याच मातीतले. राजगिरा अमेरिका खंडातून आला.

म्हणजे ज्याला आपण गावची भाकरी म्हणतो, तिचे भाऊबंद जगभर आहेत. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून पातळ किसरा करतात. युगांडात नाचणीची पेज पितात. पश्चिम आफ्रिकेत बाजरीचे गोळे दुधा-दह्यात कालवून खातात. आपली आंबील आणि त्यांची पेज एकाच घरातल्या बहिणी आहेत.

आता तीन अनोळखी धान्ये पाहू. पहिले टेफ. हे इथिओपियाचे मुख्य अन्न. दाणा खसखशीएवढा. त्याचे पीठ पाण्यात कालवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वरून जाळीदार भोके पडतात. त्याला इंजेरा म्हणतात. आपल्या आंबोळीशी त्याचे फार साम्य आहे. एका मोठ्या थाळ्यात इंजेरा पसरून, त्यावर डाळ-भाजी-मटण वाढून, सगळे घर एकाच थाळ्यातून जेवते.

दुसरे फोनिओ. माली, गिनी, सेनेगल या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत ते पिकते. वाळूसारखा बारीक दाणा, हलक्या जमिनीत थोड्या पावसावर लवकर तयार होतो. वाफवला की काही मिनिटांत शिजतो.

तिसरे क्विनोआ, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच डोंगरांतले. आपल्या चाकवताच्या भाजीचे हे जवळचे नातेवाईक आहे. स्पेनच्या राज्यकर्त्यांनी तो प्रदेश जिंकल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या या अन्नाला हलके ठरवले. पुढे कित्येक पिढ्या शहरातले लोक त्याला गरिबांचे खाणे म्हणून नाके मुरडत. मग श्रीमंत देशांना त्याचे गुण कळले. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष क्विनोआचे म्हणून जाहीर केले. मागणी वाढली आणि काही वर्षांतच भाव तिपटीच्या आसपास गेला. ज्यांचे ते रोजचे अन्न, त्यांच्यासाठीही ते महागले.

ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवू, कारण आपल्याकडेही तसेच घडते आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष जाहीर केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव मिळाले. काल ज्याला भरड म्हणून बाजूला सारले, ते आज मॉलमध्ये रंगीत पाकिटात बसले आहे. नाव बदलले, भाव बदलला. दाणा तोच आहे.

भाकरीची आठवण आणि आपला मान

आमच्या वस्तीत हा विषय काढला की मोठी माणसे गप्प होतात. त्यांच्यासाठी ज्वारी-बाजरी ही फक्त चवीची बाब नाही. बलुत्याच्या काळात खळ्यावरचे उरलेसुरले धान्य आणि दारोदार मागितलेली शिळी भाकरी आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. ते सांगणे स्वाभिमानाचे होते.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर मुलाबाळांना सुकडी मिळाली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळाली. मिलोचे नाव काढले की आजही म्हाताऱ्या बायका तोंड वाकडे करतात. त्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भाकडची कितीतरी घरे पोटासाठी मुंबई-कल्याणच्या पट्ट्यात आली. इथे नोकरी लागली, पगार सुरू झाला आणि गव्हाची चपाती, पांढराशुभ्र भात ताटात आला, तेव्हा आपण माणसात आलो असे वाटले. ते वाटणे खरे होते. त्याला हसू नये.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, की गरिबीकडे परत चला असे आमचे म्हणणे नाही. लादलेले खाणे वेगळे आणि समजून निवडलेले खाणे वेगळे. काल कोणी तरी दिले म्हणून खाल्ले. आज आपण वाचून, तोलून, आपल्या पैशाने विकत घेऊन खाणार आहोत. ज्यांना आपल्या लोकांचा अन्नाचा इतिहास वाचायचा आहे त्यांनी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक जरूर मिळवावे. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुलीची नोंद त्यात आहे.

विनयपिटकातही वेरंजा गावाची गोष्ट आहे. तिथे वर्षावासात दुष्काळ पडला होता. भिक्षा मिळेना. तेव्हा घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या भरड धान्यावर भिक्खू संघाने तीन महिने काढले. आनंदांनी ते दगडावर वाटून तथागतांना दिले. भरड धान्य खाल्ल्याने कोणी लहान होत नाही, हे यातून घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर करू. वरी, राजगिरा म्हटले की उपवास आठवतो. आपण उपवास सोडले, पण धान्य का सोडावे? धान्याला धर्म नसतो. तसेच भरड धान्य म्हणजे शाकाहार असेही नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकट, बोंबील, अंडे, मटण, जे घरात चालते ते खावे. उलट त्या जोडीने शरीराला लोह आणि प्रथिने चांगली मिळतात.

आकडे काय सांगतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले आकडे ढोबळ करून देत आहोत. सगळे आकडे १०० ग्रॅम कच्च्या धान्याचे आहेत.

• कॅल्शियम (हाडांसाठी): नाचणी सुमारे ३६४ मिलिग्रॅम. पांढरा तांदूळ ८ मिलिग्रॅमच्या आत.
• लोह (रक्तासाठी): बाजरी सुमारे ६.४, नाचणी ४.६, ज्वारी ४, गव्हाचा आटा ४, पांढरा तांदूळ फक्त ०.६ ते ०.७ मिलिग्रॅम. राजगिऱ्यात ८ च्या वर.
• तंतू किंवा चोथा (पोट साफ राहण्यासाठी, साखर हळू वाढण्यासाठी): ज्वारी, बाजरी, नाचणी, गव्हाचा आटा या सर्वांत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी.
• प्रथिने: राजगिरा १३, बाजरी ११, ज्वारी १०, तांदूळ ८, नाचणी ७ ग्रॅमच्या आसपास.

यातून तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, गव्हाची कोंड्यासकट चपाती वाईट नाही. उणीव आहे ती पॉलिशच्या तांदळात आणि मैद्याच्या पावात. दुसरी, एकाच धान्यात सगळे नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण प्रथिने कमी. म्हणून तिला डाळीची, अंड्याची किंवा सुकटीची जोड हवी. तिसरी, तक्त्यातले सगळे लोह शरीराला लागत नाही. या धान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. त्यावर आपल्या आज्यांनी उपाय शोधून ठेवले आहेत: भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे. जेवताना लिंबू पिळले, कांदा-टोमॅटो-हिरवी मिरची खाल्ली, तर लोह जास्त लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा.

रेशन आणि खर्चाचा हिशोब

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य गटातल्या कार्डावर दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घराला प्राधान्य कार्डावर २५ किलो मिळतात.

आता पोटाचा हिशोब करू. लहानमोठे मिळून माणशी रोज सरासरी २७० ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर पाच जणांना महिन्याला साधारण ४० किलो लागेल. २५ किलो रेशनचे वजा केले की १५ किलो उरते. हे १५ किलो आपण दुकानातून घेतोच. कधी तांदूळ, कधी आटा, कधी पाव-बिस्किटांच्या रूपात. या १५ किलोंत बदल करायचा आहे. रेशनचे धान्य विकू नका, टाकू नका. वरचे जे घेतो त्यात ज्वारी ७ किलो, बाजरी ३ किलो, नाचणी ३ किलो, वरी किंवा राळे २ किलो, अशी वाटणी करा. भाव पाहून कमी-जास्त करा. वरी महाग वाटली तर ज्वारी वाढवा.

कोणते दुकान स्वस्त ते ठरवायला चार घरांनी मिळून खरेदी करावी. सुट्या एका किलोपेक्षा २५-३० किलोची गोणी घेऊन वाटून घेतली तर फरक पडतो. बदलापूरच्या पलीकडे मुरबाड-कर्जतच्या डोंगरउतारावर ठाकूर, कातकरी शेतकरी नाचणी आणि वरी पिकवतात. कोणाची ओळख असेल तर सुगीनंतर त्यांच्याकडून थेट घ्यावी. कष्टकऱ्याचा पैसा कष्टकऱ्याकडे जाईल. उल्हासनगरच्या बाजारात बाजरी-ज्वारी सहज मिळते, कारण सिंधी घरांतही या पिठांचा जाडसर, लसूण-मिरची घातलेला ‘डोडो’ करतात. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या त्या लोकांनीही आपली भाकरी सोडली नाही.

एक हक्काची गोष्ट. या कायद्यात तांदूळ, गहू यांच्याबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. आपल्या विहारातल्या महिला मंडळांनी ‘आमच्या दुकानात ज्वारी, नाचणी द्या’ असा अर्ज शिधावाटप कार्यालयात द्यावा. एकटीने विचारले तर दुकानदार हात हलवतो. पन्नास सह्यांचा अर्ज गेला, पोच घेतली, की उत्तर द्यावे लागते.

करायचे कसे? पाच पाठ

*पाठ पहिला: न मोडणारी भाकरी*

गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते, म्हणून चपाती लाटता येते. ज्वारी-बाजरी-नाचणीत ते नसते. म्हणून उकळते पाणी वापरायचे. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. दोन वाट्या पिठाला सव्वा वाटीच्या आसपास पाणी लागते. पाणी पिठावर ओतून चमच्याने हलवा, पाच मिनिटे झाका, मग एकेका भाकरीपुरता गोळा घेऊन तळव्याने खूप मळा. कोरड्या पिठावर थापा. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आले की उलटा, नंतर आचेवर फुगवा. ज्या मुलींना थापायला जमत नाही त्यांनी पहिला महिना निम्मे ज्वारीचे, निम्मे गव्हाचे पीठ घेऊन सरळ लाटावे. सवय झाली की गहू कमी करत जावे.

दळणाचे दोन नियम. गिरणीवाल्याला ज्वारीवर ज्वारी दळायला सांगा, नाहीतर आधीचे पीठ मिसळते. आणि बाजरी आठ-दहा दिवसांपुरतीच दळा. तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो, पीठ लवकर कडू होते.

*पाठ दुसरा: ज्वारीच्या कण्या*

भात सोडवत नाही अशा घरांसाठी हा उत्तम पदार्थ. ज्वारी गिरणीतून रव्यापेक्षा जाड भरडून आणा, चाळून पीठ वेगळे करा. ते भाकरीला येईल. एक वाटी कण्या दोनदा धुवा. पाच वाट्या पाणी, मीठ, थोडे जिरे घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. गरम असताना वर ताक किंवा वरण घ्या, सोबत लसणाची चटणी. पाच वाट्या पाण्यात एक वाटीच्या कण्या तीन माणसांना पुरतात, आणि साध्या भातापेक्षा भूक उशिरा लागते.

*पाठ तिसरा: नाचणीची आंबील*

रात्री चार मोठे चमचे नाचणीचे पीठ एक वाटी ताकात किंवा पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळा, त्यात ते मिश्रण धार धरून ओता, गुठळी होऊ देऊ नका. आठ-दहा मिनिटे मंद आचेवर शिजवा. मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घाला. निवल्यावर ताक मिसळा. उन्हाळ्यात कारखान्यात, बांधकामावर, फेरीवर जाणाऱ्यांनी बाटलीत भरून न्यावी. नाक्यावरच्या रंगीत थंड पेयापेक्षा स्वस्त पडते आणि पोटालाही आधार होतो.

*पाठ चौथा: इंजेऱ्याची बहीण, नाचणीची आंबोळी*

एक वाटी रेशनचा तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ आणि पाव चमचा मेथी सहा तास भिजवा. वाटून त्यात दोन वाट्या नाचणीचे पीठ आणि लागेल तसे पाणी घाला. रात्रभर आंबू द्या. सकाळी मीठ घालून तव्यावर जाडसर पसरा, झाकण ठेवा. वर जाळी पडली की झाली. यात नाचणीचे कॅल्शियम, उडदाची प्रथिने आणि आंबवल्यामुळे सुटे झालेले लोह, तिन्ही एकत्र येतात. मुलांच्या डब्यात पावाऐवजी ही द्या. सोबत शेंगदाण्याची चटणी.

*पाठ पाचवा: वरीची डाळ-खिचडी*

एक वाटी वरी आणि अर्धी वाटी मसूर डाळ तीन-चार पाण्यांनी धुवून वीस मिनिटे भिजवा. कांदा, टोमॅटो, लसूण परता, मूठभर शेवग्याचा पाला किंवा मेथी टाका. हळद, मीठ, चार वाट्या पाणी घाला. तीन शिट्ट्या. वर लिंबू. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा घरी येणाऱ्याला हलके जेवण. राळे मिळाले तर हीच कृती राळ्याला लागू.

लहान बाळांसाठी

बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर दुधाबरोबर नाचणी सत्त्व सुरू करता येते. नाचणी निवडून, धुवून दहा-बारा तास भिजवा. ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्या. सावलीत खडखडीत वाळवा, मंद भाजा, दळा, वस्त्रगाळ करा. मोड येताना धान्यात जे पाचक रस तयार होतात, त्यामुळे पेज पातळ राहते. म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि बाळाच्या लहान पोटाला जास्त ताकद मिळते. दोन चमचे सत्त्व एक कप पाण्यात पाच-सात मिनिटे शिजवा, थोडे तूप किंवा तेल घाला. एक वर्षाच्या आत मीठ, साखर, मध घालू नये. सत्त्वाबरोबर हळूहळू डाळ, अंडे, भाजीही सुरू करावी. फक्त नाचणीवर बाळ वाढत नाही.

सावधगिरी

१. भगर म्हणजेच वरी-वरईची विषबाधा. दरवर्षी उपवासाच्या दिवसांत भगर किंवा भगरीचे पीठ खाऊन लोक आजारी पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून येतात. ओलसर जागी ठेवलेल्या दाण्यावर बुरशी वाढते, ती विष तयार करते. शिजवल्याने ते विष जाईलच असे नाही. म्हणून तारीख असलेले बंद पाकीट घ्या. सुटे तयार पीठ घेऊ नका. वास, रंग बदलला असेल तर फेकून द्या. पावसाळ्यात आपल्या चाळींत भिंती ओल धरतात, त्यामुळे डबा घट्ट झाकणाचा आणि जमिनीपासून वर ठेवा. खाल्ल्यावर चक्कर, उलटी, कापरे भरले तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना.

२. मधुमेह. भाकरीने मधुमेह बरा होत नाही. तंतूंमुळे साखर हळू वाढते एवढाच फायदा, तोही प्रमाणात खाल्ले तर. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. बारीक पिठाची गोड नाचणी पेज मधुमेहींनी टाळावी. त्यांना कण्या आणि भाकरी बरी. औषधे स्वतःहून बंद करू नका.

३. रक्तक्षय. धान्य बदलले म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या थांबवू नका. विशेषतः विदर्भातून आलेल्या घरांनी लक्षात घ्यावे, की आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत. वारंवार अंग दुखत असेल, डोळे पिवळे होत असतील, लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. तो आजार भाकरीने किंवा गोळीने जाणारा नाही, त्याला वेगळे उपचार लागतात. लग्न जुळवतानाही ही तपासणी महत्त्वाची आहे.

४. थायरॉईड आणि मूत्रपिंड. रोज तिन्ही वेळ फक्त बाजरी खाऊ नये, तिच्यातल्या काही द्रव्यांचा थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो. आयोडीनचे मीठ वापरा, धान्य आलटून-पालटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

५. हळूहळू सुरुवात. एकदम चोथा वाढला की पोट फुगते. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकच वेळ, आणि पाणी भरपूर प्या.

आठवड्याची आखणी

काम करणाऱ्या बाईचे ओझे वाढवून आरोग्य साधत नाही. भाकरी थापायला वेळ लागतो, म्हणून ही आखणी तिच्या सोयीने केली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री ज्वारी किंवा बाजरीची भाकरी. मंगळवार आणि गुरुवारी रात्री कण्या किंवा वरीची खिचडी, कारण ती कुकरमध्ये एकदम होते. शनिवारी दुपारी आंबोळीचे डाळ-तांदूळ भिजवा, रात्री वाटा, रविवारी सकाळी सगळे घरी असताना आंबोळी. सकाळच्या डब्याला रेशनच्या गव्हाची चपाती आहेच, तिच्या पिठात चारास एक नाचणी मिसळा. एवढ्यानेही महिन्याचे १५ किलो भरड धान्य सहज संपते.

आणि भाकरी थापणे हे एकट्या बाईचे काम नाही. घरातल्या पोरांना, बाप्यांनाही ते शिकवा. समतेचा धडा विहारात ऐकायचा आणि चुलीपाशी विसरायचा, असे चालणार नाही.

पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा प्रत्येक घराने यातला एक पदार्थ करून आणावा, म्हाताऱ्या बायकांनी त्यांच्या गावची कृती सांगावी आणि एखाद्या शिकलेल्या मुलीने ती वहीत उतरवून ठेवावी. मंगळवेढ्याची मालदांडी कशी भाजायची, कोकणात नाचणीला मोड कसे आणायचे, वऱ्हाडात कण्या कशा खायच्या, हे ज्ञान आज आपल्या वस्तीत साठ-सत्तर वर्षांच्या आयांपाशी आहे. त्या आहेत तोवर ते लिहून घेतले पाहिजे. एक वही भरली की विहारातल्या कपाटात ठेवा, आणि तिच्यातल्या निवडक कृती या पानासाठी आमच्याकडे पाठवा.

नमो बुद्धाय, जय भीम.